मशीन नंबर एकचे प्रश्न

हल्ली प्रोग्रॅम लिहायच्या खिडकीतच एक मदतनीस बसवलेला मिळतो. त्याला काहीही विचारा. तो आधी म्हणतो, फार छान प्रश्न आहे. मग उत्तर देतो, आणि उत्तर चुकलं तर आपलीच माफी मागतो. इतकी नम्रता मी लग्नात मुलीच्या बापातही पाहिलेली नाही.

त्याचं हे गोड बोलणं वाचलं की मला आमचे सर आठवतात. सरांनी माझ्या एकाही प्रश्नाला कधी छान म्हटलं नाही. नोकरीच्या पहिल्या दिवशी मी विचारलं होतं, "सर, या मशीनवर इंटरनेट कुठून उघडायचं?"

"कशाले उघडतं? झाकून ठेवलं तेच बरं आहे."

मला वाटलं, विनोद करतायत. सर विनोद करत नसत. त्यांचं बोलणं ऐकून दुसऱ्यांना हसू यायचं, आणि ज्याच्याबद्दल ते बोलत त्याला रडू. एवढाच काय तो विनोदाशी संबंध.

आमची कंपनी अमरावतीला राजापेठेत, एका चपलांच्या दुकानाच्या वर होती. कंपनी म्हणजे दोन खोल्या, सात मशीन आणि पुण्यात राहणारे मालक. रक्त तपासणाऱ्या लॅबना रिपोर्ट छापायचं सॉफ्टवेअर आम्ही बनवायचो. मालक वर्षातून दोनदा येत, कंपनी पाच वर्षांनी कुठे असेल ते सांगत आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जात. उरलेले सगळे दिवस कंपनी म्हणजे सर.

सर पन्नाशीचे. खिशात दोन पेनं आणि एक टेस्टर. राहायला अकोल्यात. तिथून रोज बडनेऱ्यापर्यंत रेल्वेनं आणि पुढे ऑटोनं. वीस वर्षं असं अप-डाउन. अमरावतीत खोली का करत नाही, असं कोणी विचारलं तर म्हणत, "इथलं पानी जमत नाही मले." म्हणून दोन लिटरची बाटली अकोल्याहून भरून आणत. जिथं अर्ध्या जिल्ह्याचं पाणी खारं, तिथून पाणी आणून अमरावतीत पिणारा माणूस मी एकच पाहिला.

माणसांना ते गावाच्या नावानं हाक मारत. मी नांदगाव खंडेश्वरची, म्हणून नांदगाव. माझ्या शेजारचा मुलगा तेल्हाऱ्याचा, तो तेल्हारा. परतवाड्याचे दोघे होते, म्हणून एक परतवाडा आणि एक दुसरा परतवाडा. पुढे पहिला परतवाडा नोकरी सोडून हैदराबादला गेला, तरी दुसऱ्याला बढती मिळाली नाही. तो शेवटपर्यंत दुसराच राहिला.

तर इंटरनेट. ऑफिसातल्या एकाही मशीनवर ब्राउझर नव्हता. माझ्या आधीची हकीकत अशी, की एकदा सर जेवून आत आले तर सातही मशीनवर क्रिकेटची मॅच चालू होती, आणि नेट इतकं मंद, की सात मशीनवर सात वेगळे स्कोअर. सरांना मॅचपेक्षा हा गोंधळ सहन झाला नाही. त्याच संध्याकाळी त्यांनी सगळे ब्राउझर स्वतःच्या हातानं काढून टाकले.

पण नेटशिवाय हा धंदा चालत नाही. प्रोग्रॅम अडला की जगात आणखी कोणाचा असाच अडला होता का आणि त्यानं काय केलं, हे शोधावंच लागतं. तेव्हा सरांनी एक तोडगा काढला. आम्ही ज्या खिडकीत कोड लिहायचो तिच्याच तळाशी त्यांनी चार बोटं उंचीची एक पट्टी बसवली. एफ-टूची कळ दाबायची, पट्टीत प्रश्न लिहायचा. पट्टी नेटवर शोधून दहा उत्तरं आणायची. नुसती अक्षरं. चित्र नाही, जाहिरात नाही, स्कोअर तर नाहीच. पट्टीचं नाव त्यांनी ठेवलं ‘इचार’. वऱ्हाडीत दुसऱ्याला पुसायचं तोही इचार आणि स्वतःच्या डोक्यात करायचा तोही इचारच. सरांचा भर या डोक्यातल्या इचारावर होता.

इचार वापरायचे नियम होते. लाल अक्षरांत चूक दिसली की आधी ती तीनदा मोठ्यानं वाचायची. "पहिल्या टाइमले डोये वाचतात, दुसऱ्या टाइमले तोंड वाचते, तिसऱ्या टाइमले मानूस वाचते," असं ते म्हणत. सात जण आपापल्या चुका इंग्रजीत मोठ्यानं वाचू लागले की खालच्या दुकानातलं गिऱ्हाईक चप्पल हातात धरून छताकडे बघायचं. दुकानदार सांगायचा, वर इंग्लिश स्पीकिंगचा क्लास आहे.

दुसरा नियम असा, की नेटवरून कोणाचा कोड उचलला तर त्याच्या डोक्यावर एक ओळ लिहायची: हा कोणाचा, आणि तो कुठला. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये अजूनही ठिकठिकाणी ‘हे मी नाही लिहिलं, पोलंडच्या एका भल्या मानसानं लिहिलं’ असल्या ओळी सापडतील. मालकांनी एकदा त्या पाहिल्या आणि हे प्रोफेशनल नाही म्हणाले. सर म्हणाले, "चोरी प्रोफेशनल असते काय?" मालक संध्याकाळच्या ऐवजी दुपारच्या गाडीनं गेले.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे शनिवारचा पाठ. आठवडाभर कोणी काय इचारलं, याची नोंद ती पट्टी आपोआप ठेवायची. मशीन नंबर, वार, वेळ, प्रश्न. शनिवारी डबे खाऊन झाले की सर त्याचा कागद छापत आणि उभ्यानं वाचून दाखवत. सुरुवात मशीन नंबर एकपासून, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या. त्यांचे प्रश्न असे नेमके असत, की ऐकून बोर्डात आलेल्या मुलाची उत्तरपत्रिका वाचल्यासारखं वाटे. मग आमची पाळी.

"मशीन नंबर चार. तेल्हारा. मंगळवार, साडेअकरा. ‘माझा प्रोग्रॅम का चालत नाही.’" सर थांबत. चष्मा नाकाच्या शेंड्यावर येई. "काय बे तेल्हारा, तुया प्रोग्रॅम तेथं कोनी पाह्यला आहे काय? तू बस स्टँडवर उभा राहून इचारशीन काय, माया पाय काहून दुखते म्हनून?"

"नाही सर."

"काहून नाही? तेथं लोकाइले निदान पाय त दिसते."

एकदा दुसऱ्या परतवाड्यानं लिहिलं होतं, ऑफिसातल्या मुलीशी बोलणं कसं सुरू करावं. सरांनी ते त्याच सुरात वाचलं.

"ऑफिसात मुलगी एकच आहे. नांदगाव, हा तुयाशी बोलला काय?"

"नाही सर."

"बोल बे. कर सुरू."

दुसरा परतवाडा उभा राहिला. कानापर्यंत लाल. "जेवण झालं का?"

"झालं," मी म्हणाले.

"झालं," सर म्हणाले. "पुढचा प्रश्न."

माझाही नंबर लागलाच. वैतागून एकदा मी लिहिलं होतं, अपमान करणाऱ्या साहेबाबरोबर काम कसं करावं. शनिवार विसरूनच गेले होते. सरांच्या आवाजात जराही फरक पडला नाही.

"उत्तर काय भेटलं?"

"शांत राहून संवाद साधावा, असं होतं सर."

"मंग साध."

मी गप्प राहिले.

"अर्धं जमलं," सर म्हणाले आणि पान उलटलं.

असल्या माणसाबद्दल मनात काय येतं ते इथं लिहिण्यासारखं नाही. मी आणि तेल्हारा रोज चहाला खाली उतरलो की तेच बोलायचो. त्यांच्या चालण्याची नक्कल तेल्हारा करायचा, बोलण्याची मी.

मग माझ्या हातून ती तारखांची चूक झाली.

अकोल्याच्या एका लॅबसाठी जन्मतारखेवरून वय काढायचा तुकडा मी करून दिला होता. करून म्हणजे आणून. इचारनं दहा उत्तरं दिली, मी पहिलं उचललं, चालवून पाहिलं, चाललं. डोक्यावर नावाची ओळ लिहिली नाही, कारण कोणाचं आहे ते बघितलंच नव्हतं. तो कोड होता अमेरिकेतल्या माणसाचा. तिकडे तारीख लिहिताना महिना आधी येतो. त्यामुळे तीन जूनला जन्मलेलं बाळ सहा मार्चचं झालं, म्हणजे महिन्याचं बाळ चार महिन्यांचं. रक्तातले आकडे किती असावेत ते वयावर असतं. तेव्हा त्या तान्ह्या बाळाचा चांगला रिपोर्ट ठळक काळ्या अक्षरांत, म्हणजे धोक्याचा म्हणून छापला गेला. बाळाची आई काउंटरवरच रडायला लागली. तिथल्या डॉक्टर मॅडमनी कागदाकडे पाहिलं, मग बाळाकडे पाहिलं, म्हणून निभावलं.

सरांनी मला बोलावलं. कोड समोर उघडा होता.

"हे कोनाचं आहे?"

"नेटवरचं आहे सर."

"नेट म्हनजे कोन?"

मी कोड वरपासून खालपर्यंत सरकवून पाहिला.

"नेटचं गाव कोनतं? काही नाव, पत्ता?" मग त्यांनीच दहा मिनिटं खपून शोधून काढलं. "ओहायोचा आहे. त्याची काही चुकी नाही. त्याच्या गावात महिना आधी येते अन् तारीख मागून येते. तुया गावात काय आधी येते?"

"तारीख सर."

"मंग तू ओहायोले काहून गेली?"

दुसऱ्या दिवशी अकोल्याला येऊन मॅडमची माफी मागायची, असं ठरलं. ठरलं म्हणजे सरांनी ठरवलं. मी सकाळच्या बसनं गेले, सर लॅबच्या दारातच भेटले. डॉक्टर मॅडम ठेंगण्या, पण आवाज असा की बाहेरच्या बाकावरचे पेशंट ताठ बसत. त्यांनी मला विचारलं, तुझ्या घरात लहान मूल आहे का, असल्यास त्याचं वय कोण मोजतं, आणि असंच बरंच. माझे डोळे भरून आले. तेवढ्यात सर म्हणाले, "मॅडम, पोरीनं नेटवरून आनलं. मी न वाचता पास केलं. दोघांले सोबतच बोला, तुमचा टाइम वाचीन."

मॅडम मग दोघांनाही बोलल्या. वेळ काही वाचला नाही.

दोन आठवड्यांचे सगळे रिपोर्ट आम्ही तपासले, चुकलेले पुन्हा छापले, आणि मी एकेकाला फोन केले. एका आजोबांनी सांगितलं, वय कमीच झालं असेल तर राहू द्या. दुपारचे दोन वाजले. सर म्हणाले, "जेवाले चाल. घर जवळच आहे."

सरांची बायको, म्हणजे काकू, बारीक अंगाच्या, हसऱ्या. वांग्याची भाजी, ज्वारीची भाकर आणि कढी केली होती. मी जेवायला बसले आणि काकू वाढायला.

"घे नं वं… थे… पिवळं…"

"कढी," सर म्हणाले.

"अन् मंग त्याच्यात… त्या…"

"वाटीत."

काकू हसल्या. माझ्यासमोर बसल्या. "तुयं दुकान कोनतं वं?"

"दुकान नाही काकू, मी सरांच्या ऑफिसात…"

"गाव इचारून राहिली ते," सर म्हणाले, ताटातून मान न उचलता. काकूंचा चेहरा उतरला. भाकरी आणते असं हातानंच दाखवून त्या आत गेल्या, आणि बराच वेळ आल्या नाहीत.

मी मनात म्हटलं, वा. म्हणजे घरीही पाठ चालतोच. सोमवारी चहाच्या टपरीवर मी तेल्हाऱ्याला सगळं साभिनय सांगितलं. "बायकोला एक वाक्य पुरं करू देत नाहीत."

"लाल अक्षरात चूक दाखवत असतीन तिले," तेल्हारा म्हणाला. आम्ही इतके हसलो की त्याच्या हातातला चहा सांडला.

पुढच्या महिनाभरात शनिवारच्या पाठात एक फरक पडला. सर म्हणायचे, "मशीन नंबर एक, काही नाही, पुढं." तेल्हाऱ्याच्या मते सरांना आता सगळंच येऊ लागलं होतं आणि जगाला विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं.

आणि मग तो शनिवार. बडनेऱ्याच्या गर्दीत सरांचा चष्मा पडला आणि त्यावर कोणाचा तरी पाय पडला. ऑफिसात आले ते एका काचेचा चष्मा हातात घेऊन. डबे झाल्यावर म्हणाले, "आज पाठ नाही."

या दिवसाची तेल्हारा दोन वर्षं वाट पाहत होता.

"नियम आहे सर. तुमीच म्हनता, एक शनिवार चुकला की मानूस बिघडते."

"मले दिसत नाही बे."

"नांदगाव वाचीन नं. तिचा आवाज साफ आहे."

दुसऱ्या परतवाड्यानं तोवर कागद छापलाही होता. तो तेल्हाऱ्यानं माझ्या हातात दिला. सरांनी कागदासाठी हात पुढे केला, आणि का कोण जाणे, परत घेतला. खुर्चीत बसले. मला फार मजा वाटत होती. कागद मी ऐटीत धरला.

"मशीन नंबर एक," मी म्हणाले. "सोमवार, सव्वादहा."

आणि पुढची ओळ मला मोठ्यानं वाचता आली नाही.

‘बाई शब्द विसरते काय कारण.’ त्याखाली, ‘वस्तूचं नाव न आठवणे वय सत्तेचाळीस.’ मग मंगळवारी, ‘बायको पाण्याले ओलं म्हणते.’ मग, ‘बायको रडते सांगत नाही.’ बुधवारी एकच होता, ‘बायकोले कसं इचारावं तुले काय होते.’ तोच प्रश्न गुरुवारी पुन्हा, आणि शुक्रवारी पुन्हा. सगळे इंग्रजी अक्षरांत वऱ्हाडी. त्यांना जगानं काय उत्तर दिलं असेल देव जाणे. शेवटचा एक मात्र नीट इंग्रजीत होता. बायकोचे शब्द जात आहेत, किती दिवस राहतील.

"वाच नं," तेल्हारा म्हणाला.

मी सरांकडे पाहिलं. ते टेबलफॅनकडे बघत होते. वाच असंही म्हणाले नाहीत आणि नको असंही नाही.

"सोमवार, सव्वादहा," मी म्हणाले. "‘सेमीकोलन कुठे द्यायचा.’"

क्षणभर कोणाला कळलंच नाही. हा प्रश्न प्रोग्रॅमिंग शिकणारं पोरगं पहिल्या आठवड्यात विचारतं, आणि दुसऱ्या आठवड्यात विचारायला लाजतं. मग खोलीत जो हशा झाला, तो खाली चपलांच्या दुकानातही ऐकू गेला असणार.

"मंगळवार. ‘कॉम्प्युटर हळू चालतो, उपाय.’" मी पुढे वाचत गेले. "बुधवार. ‘पासवर्ड विसरलो.’ गुरुवार. ‘पासवर्ड विसरलो.’"

तेल्हारा उठून उभा राहिला. नसलेला चष्मा त्यानं नाकाच्या शेंड्यावर आणला. "बाप्पा! वीस वर्षं झाले नं तुमाले या धंद्यात? अजून सेमीकोलन नाही भेटला काय?"

सगळे सरांकडे बघत होते.

"नाही भेटला," सर म्हणाले. "शोधून राहिलो."

हशा आणखी वाढला. मी कागदाची घडी करून माझ्या डब्याच्या पिशवीत टाकली. बाकीच्या मशीनचं त्या दिवशी कोणी ऐकलं नाही, कारण त्याहून मोठा आनंद कोणाला नकोच होता.

सुटल्यावर जिन्यात मागून हाक आली. "नांदगाव."

मी थांबले.

"तुले खोटं बोलता येत नाही."

"हो सर."

"सेमीकोलन? मी? काही इज्जतीचं त इचारायचं होतं माया नावानं."

"ऐनवेळी सुचलं नाही सर." मग न राहवून म्हटलं, "पुसून का नाही टाकलं तुम्ही?"

"पुसाची सोयच नाही ठेवली मी त्याच्यात. तुमी पुसान म्हनून."

आम्ही दोघं जिन्यात उभे. खालून कोणीतरी नऊ नंबरचा बूट मागत होतं.

"काकूंना डॉक्टरला दाखवलं?"

"इचारलं नं मी. गंज ठिकानी, धा-बारा जागी लिहून आहे, टेन्शननं होते म्हनून."

"कोणी लिहिलंय?"

"नेटवर आहे."

"नेट म्हणजे कोण सर? गाव कोणतं त्याचं?"

बोलून गेल्यावर मी घाबरले. सर एका काचेचा चष्मा उघडत होते, मिटत होते.

"भेव वाटते वं," ते हळूच म्हणाले. "डॉक्टर त्याले काही नाव देईन. मंग ते खरंच होऊन जाईन."

डॉक्टर मॅडमचा नंबर माझ्याकडे माफीच्या दिवसापासून होता. तिथूनच लावला. मॅडमनी फोन उचलताच विचारलं, "आता काय चुकलं?" मी सगळं सांगितलं. त्या दिवशी जेवताना मी जे पाहिलं होतं आणि ज्याच्यावर टपरीवर चहा सांडेपर्यंत हसले होते, तेही आता नीट क्रमानं सांगितलं. मॅडमनी एकदाही आवाज चढवला नाही. त्याचीच मला भीती वाटली.

"उद्या नऊला दोघांनाही यायला सांग," त्या म्हणाल्या. "आणि त्यांना म्हणावं, यावेळी न वाचता पास करू नका."

रविवारी अकोल्यात मॅडमनी पाहिलं आणि मंगळवारी नागपूरला पाठवलं. काकूंच्या मेंदूत, बोलणं सांभाळतो त्या जागी, सुपारीएवढी गाठ होती. हळूहळू वाढलेली. कॅन्सरची नव्हती, काढता येण्यासारखी होती. आणखी सहा महिने टेन्शन म्हणून काढले असते तर, असं म्हणून नागपूरचे डॉक्टर थांबले होते, आणि ते वाक्य सरांनीही पुरं केलं नाही.

ऑफिसात कळलं ते सरांच्या रजेच्या अर्जावरून. तेल्हारा माझ्या टेबलाशी आला. "त्या दिवशी कागदावर काय होतं?"

मी पिशवीतून घडी काढून दिली. त्यानं उभ्यानं वाचली. परत दिली, खाली गेला, आणि एकटाच चहा पिऊन आला. त्यानंतरच्या शनिवारी पाठ झाला नाही. कोणी आठवणही काढली नाही. ब्राउझर मात्र सातही मशीनवर सोमवारच्या आतच आले. आमचं दुःख आपल्या जागी होतं.

ऑपरेशनला दोन महिने होऊन गेल्यावर मी अकोल्याला गेले. आईनं तुरीची डाळ दिली होती. काकू दिवाणावर बसल्या होत्या, डोक्याला मऊ रुमाल बांधून. बोलत हळू. मधेच थांबत, डोळे बारीक करत, आणि मग शब्द यायचा. नागपूरच्या दवाखान्यात त्यांना चहा हवा होता आणि तोंडातून खिडकी येत होतं, तर नर्सनं दिवसभर खिडकी उघडी ठेवली, असं सांगून त्या स्वतःच हसल्या. सर आत चहा करत होते. भांडी पडल्याचे आवाज येत होते.

"मले सालभराआधीच समजलं होतं," काकू मला म्हणाल्या.

सर कप घेऊन दारात आले होते. "काय समजलं होतं?"

"की माये शब्द चालले म्हनून. पहिले कात्री गेली. मंग शेजारनीचं नाव. मी वहीत लिहून ठेवो."

सरांनी कप खाली ठेवले. "मंग सांगितलं काहून नाही?"

"तुमी कधी इचारलं?"

"रोज इचारो नं! रोज घरी आलो की पहिले हेच इचारो, सगळं ठीक?"

"हो," काकू म्हणाल्या. "अन् मी म्हनो, ठीक." त्या थांबल्या. पुढचं वाक्य यायला वेळ लागला. "बाकी गंज शब्द गेले. तेवढा एक काही गेला नाही."

सर खुर्चीत बसले. चहावर साय धरली तरी कोणी कप उचलला नाही.

"कात्रीच्या नंतर काय गेलं?" सरांनी विचारलं.

काकू सांगू लागल्या. कात्री, मग शेजारीण, मग देवळातल्या कसल्याशा वस्तूचं नाव, ते अजूनही परत आलं नव्हतं. त्या हातानं आकार दाखवत होत्या, थांबत होत्या, पुन्हा सुरू करत होत्या. सर पुढे वाकून ऐकत होते. माझी चारची बस गेली. साडेपाचची मी जाऊ दिली.